टोपी आणि तोंड

दहावी झाली अन् शेती गळ्यात पडली. पण १९८५ साली जुना पेंटॅक्स के-१००० घेतला आणि लग्नसराईत चार पैसे सुटू लागले. त्याला सेल लागायचा तो फक्त उजेड मोजायला. सेल संपला तरी कॅमेरा चालायचा. रोल ३६ फोटोंचा. बटण दाबायच्या आधी रोल, धुलाई, छपाई असा सगळा खर्च डोळ्यापुढं यायचा, म्हणून आधी उजेड बघायची सवय लागली. १०० आयएसओचा रोल अन् कडक ऊन असलं की अ‍ॅपर्चर १६, शटर १२५. हे मला पाढ्यासारखं पाठ.

आमच्याकडचं गिऱ्हाईक म्हणजे उन्हानं रापलेलं तोंड अन् वर पांढरीफेक टोपी. रोलच्या काळात मी तोंड बघून उजेड धरायचो. टोपी जास्त उजळली तरी निगेटिव्हमध्ये ती शिल्लक असायची. तालुक्याचा स्टुडिओवाला छापताना तेवढ्या जागेला जास्त वेळ उजेड द्यायचा, की टोपीच्या घड्या उमटायच्या. डिजिटलला हे चालत नाही. टोपी एकदा फटक पांढरी झाली की तिथं काहीच उरत नाही. सावलीतलं तोंड मात्र मागाहून बरंच उजळता येतं. म्हणजे हिशेब उलटा झाला. नातवाला मी सांगतो, "टोपीवर बोट ठेव अन् तो सूर्य जरा खाली ओढ."

तो म्हणतो, "आबा, मोबाईल आपोआप करतो की."

करतो बापडा. पण माणसाला भर उन्हातून उठवून ओसरीच्या कडेला, अंगणाकडं तोंड करून बसवायचं काम काही मोबाईल करत नाही.

गेल्या साली धाकटी चुलती गेली. दहाव्याला फोटो हवा होता. तिन्ही पोरांच्या मोबाईलात शेकड्यानं फोटो. पण ती कुठं कडेला, कुठं पाठमोरी, कुठं पदराच्या सावलीत. मी पत्र्याची ट्रंक काढली. १९८६ ची ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह सापडली, पाकिटावर माझ्या अक्षरात तारीख. नातवानं एका मोबाईलची स्क्रीन पांढरी केली, निगेटिव्ह तिच्या बोटभर वर धरली, दुसऱ्या मोबाईलनं फोटो काढला आणि काळ्याचं पांढरं करून दाखवलं. चुलती ओसरीवर बसलेली, कानात बुगड्या.

तिचा थोरला बराच वेळ बघत राहिला.

"दादा, आईला बुगड्या होत्या?"

होत्या. पुढच्या साली विहिरीला पैसे कमी पडले तेव्हा मोडल्या. तो तेव्हा चार वर्षांचा होता.