आमचा चुकलेला उपदेश

आमच्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेकडे गेली आहेत. जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर असे करीत ताप्तीच्या खोऱ्यातून जाणारी आगगाडी उधन्यास पोहोचते आणि आमची माणसेही तिच्याबरोबर तेथेच उतरतात. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत फिरताना मराठी व अहिराणी बोल इतके कानी पडतात की आपण परक्या मुलखात आहोत असे वाटत नाही. वर्षातून एकदा तरी तेथील आपल्या घरांना भेट द्यावी, असा आमचा रिवाज आहे. यंदाच्या भेटीत आम्हास जे शिकावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. कारण त्यात आमची स्वतःची एक चूक गुंतलेली आहे.

आमचे एक गाववाले तेथे यंत्रमागावर काम करतात. यंत्रमागाच्या कारखान्यास तिकडे ‘खाते’ म्हणतात. बारा तासांची पाळी असल्यामुळे त्यांची भेट खात्यातच घ्यावी लागली. आत पाऊल टाकताच मागांच्या खडखडाटाने आमचे कान बधिर झाले. आम्ही मोठ्याने हाक मारली, ती आमची आम्हासच ऐकू आली नाही. गृहस्थांनी मात्र आम्हास पाहिले, पलीकडच्या कारागिराकडे वळून हाताच्या दोन-तीन खुणा केल्या आणि ते बाहेर आले. “काय सांगितलेत त्याला?” असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “माझ्या मागांकडे लक्ष ठेव, कांडी संपत आली आहे, मी चहा पिऊन येतो.” इतके सगळे दोन-तीन खुणांत! आम्हास मोठे कौतुक वाटले. ते हसून म्हणाले, “फादर, इथं तोंडाचा काय उपयोग? इथं आम्ही सगळेच बहिरे.”

हे शब्द बोलून ते एकदम गप्प झाले. त्यांच्या गप्प होण्याचे कारण आम्हास ठाऊक होते. त्यांची थोरली मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे.

२०१७ सालच्या नाताळात हे कुटुंब गावी आले होते. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मिस्सा आटोपल्यावर आईने तिला आमच्यापुढे उभे केले आणि विचारले, “फादर, हिचं कसं व्हायचं? शाळेत घालू का?” उधन्यातील एका शाळेने ‘अशी मुले आम्ही घेत नाही’ असे सांगून त्यांना परत पाठविले होते. आम्ही मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईस उपदेश केला. देवाच्या इच्छेपुढे मान तुकवावी, हा क्रूस धीराने वाहावा, लेकरास घरीच मायेने सांभाळावे, शाळेत इतर मुले चिडवितील तो त्रास तिला कशाला, असे आम्ही बोललो. आईने डोळे पुसले आणि ती निघून गेली. आपण एका दुःखी जीवास दिलासा दिला, या समाधानात आम्ही त्या दिवशी जेवावयास बसलो.

यंदा उधन्यास त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा ती मुलगी तेरा वर्षांची झाली होती. दारातच तिने आम्हास नमस्कार केला, आईकडे वळून भराभर हात हलविले आणि आई हसली. “काय म्हणते?” आम्ही विचारले. “विचारते आहे, हे तेच फादर का, ज्यांनी मला खाऊ दिला होता?” आमच्या अंगावर काटा आला. आमचा उपदेश तिच्या कानी कधी पोहोचलाच नव्हता. तिला स्मरत होता तो फक्त खाऊ.

मग आईने सारी हकीकत सांगितली. दहाव्या वर्षापर्यंत मुलगी घरीच होती. जेवण, पाणी, ये, जा एवढ्याच चार-सहा खुणा मायलेकींत चालत. बाप रात्रपाळीस निघाला की ती दारात उभी राहून आकांत करी. सकाळी तो परत येईल हे तिला कोणी कसे सांगावे? ‘उद्या’ हा शब्दच तिच्याजवळ नव्हता. ज्याला ‘उद्या’ ठाऊक नाही, त्याला प्रत्येक जाणे हे कायमचेच जाणे. पुढे महानगरपालिकेच्या मराठी शाळेत जाणाऱ्या तिच्या धाकट्या भावाच्या शिक्षिकेने ही मुलगी पाहिली आणि शहरातील कर्णबधिर मुलांच्या शाळेची वाट दाखविली. तेथे सांकेतिक भाषेत शिक्षण सुरू झाले. सहा महिन्यांनी एका संध्याकाळी बाप डबा घेऊन निघाला, तेव्हा मुलीने दारातून त्याला खूण करून विचारले, “उद्या?” बापाने मान डोलावली. त्या रात्री ती रडली नाही.

एवढे सांगून आई थांबली आणि मग हलकेच म्हणाली, “फादर, राग मानू नका. पण पाच वर्षं वाया गेली. तुम्ही तेव्हा ‘शाळेत घाल’ म्हणाला असता, तर मी ऐकलं असतं.”

आम्ही काय उत्तर देणार? तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तिने आमचे ऐकले होते, हाच तिचा अपराध.

परत आल्यावर आम्ही या विषयाची माहिती मिळविली. जे कळले त्याने आमची मान आणखी खाली गेली. १७६० च्या सुमारास पॅरिस शहरी ‘आबे द लेपे’ नावाच्या एका कॅथोलिक धर्मगुरूंनी दोन कर्णबधिर बहिणींना शिकविण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यातूनच गोरगरिबांच्या कर्णबधिर मुलांसाठी खुणांच्या भाषेतून शिक्षण देणारी शाळा उभी राहिली. आपल्या देशातही कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५ साली मुंबईत निघाली, ती बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रेरणेने. ज्या कामाचा पाया आमच्याच पूर्वसूरींनी एवढ्या आधी घातला, त्या कामाचा आम्हास मात्र पत्ता नसावा! शुभवर्तमानातील बहिऱ्या माणसाची हकीकत आम्ही कितीदा वाचून दाखविली असेल. प्रभूने त्याला गर्दीतून बाजूला नेले आणि बोलण्याआधी त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श केला, म्हणजे त्याला समजेल अशा रीतीनेच संवाद आरंभिला. हे मात्र आमच्या कधी ध्यानी आले नव्हते.

जाणकार सांगतात की बहिरेपणाने मुलाचे खरे नुकसान होते ते केवळ आवाज न ऐकल्याने नव्हे, तर भाषा न मिळाल्याने. ऐकणारे मूल पहिल्या चार-पाच वर्षांत आईची भाषा कोणी न शिकविता उचलते. कर्णबधिर मुलास ती आपोआप मिळत नाही. श्रवणयंत्र असो, शस्त्रक्रिया असो वा खुणांची भाषा असो, जे काही द्यावयाचे ते लवकर दिले पाहिजे. गेलेले वर्ष पुन्हा हाती येत नाही. बुद्धीत ते मूल उणे नसते. केवळ विचारांना शब्द मिळत नाहीत म्हणून ते मागे पडते. म्हणूनच ‘थोडी मोठी होऊ दे, मग पाहू’ हे आपल्या घरोघरचे वाक्य अशा लेकरास फार महाग पडते.

आता दुसरी गोष्ट. ज्या नाताळात आम्ही तो उपदेश केला, त्याच वर्षीच्या १९ एप्रिलपासून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा देशभर अमलात आला होता. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल वा अधिक ऐकू येत नसेल तर मूल कर्णबधिर, आणि ६० ते ७० डेसिबलपर्यंत ऐकू येत नसेल तर ऐकू कमी येणारे, असे मोजमाप आहे. अपंगत्व चाळीस टक्के वा अधिक असल्यास सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. सरकारने चालविलेल्या वा मान्यता दिलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि कर्णबधिर मुलास त्याला योग्य अशा भाषेतून व साधनांतून शिकवावे, असेही कायदा सांगतो. पुस्तके विनामूल्य, परीक्षेत जादा वेळ, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या सोयीही त्यात आहेत. घरी अहिराणी, शेजारी हिंदी आणि शाळेत गुजराती अशा कात्रीत सापडलेल्या उधन्याच्या मुलांना ही शेवटची सवलत किती मोलाची आहे, हे सांगणे न लगे.

कायदा झाला म्हणजे सर्व झाले, असे आम्ही म्हणत नाही. विशेष शिक्षकांची वाण आहे. सर्वोच्च न्यायालयास २०२१ साली प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सांगावे लागले. परंतु जो हक्क मागितलाच जात नाही, तो कोणाच्याही दारी चालत येत नाही.

म्हणून आमच्या वाचक कुटुंबांस चार गोष्टी विनवून सांगतो. तान्हे मूल मोठ्या आवाजाने दचकत नसेल, वर्ष-दीड वर्षाचे होऊनही हाकेस वळत नसेल, तर नवस-अंगाऱ्यात दिवस न दवडता सरकारी रुग्णालयात कान तपासून घ्यावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व शाळेत वैद्यकीय पथके येतात. त्या दिवशी अशा मुलास घरात लपवून ठेवू नये, सर्वांच्या पुढे न्यावे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे. ते सर्व देशात चालते, त्यामुळे नंदुरबारात काढलेले प्रमाणपत्र सुरतेस जाताना पेटीत घालून न्यावे. आणि एखाद्या शाळेने नकार दिला तर तो लेखी मागावा. लेखी देण्याची वेळ आली की पुष्कळदा नकाराचा होकार होतो. नच झाला, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आणि पाचवी गोष्ट आम्हा धर्मगुरूंसाठी, शिक्षकांसाठी व गावच्या वडीलधाऱ्यांसाठी. दुःखी मातेस धीर देणे चांगले. परंतु जेथे वाट उघडी आहे, तेथे केवळ धीर देणे म्हणजे ती वाट बंद करणे होय. क्रूस म्हणून जे आम्ही त्या आईच्या खांद्यावर ठेवले, त्याचा पुष्कळसा भाग देवाने नव्हे, आमच्या अज्ञानाने घडविला होता. आम्ही तिची क्षमा मागितली. तिने ती दिली आणि चहा ठेवला.

निघताना गृहस्थ पाळीवरून आले होते. दिवसभर खात्यात मागांच्या गोंगाटात खुणांनी बोलणारा हा मनुष्य आता घरीही लेकीशी खुणांनी बोलतो. त्यातल्या कित्येक खुणा तीच त्याला शिकविते. आम्हीही तिच्याकडून दोन शिकलो: एक ‘क्षमा’ आणि दुसरी ‘उद्या’. ज्यांच्या घरी असे लेकरू असेल त्यांनी मिस्सा संपल्यावर आमच्याकडे अवश्य यावे. या वेळी उपदेश मिळणार नाही. अर्जाचा कागद आम्ही जवळ ठेवला आहे.