कोल्हा लबाड असतो (गुण १)

लहान मुलांच्या पुस्तकातला बाबा कधीही आठ-सतराची लोकल पकडत नाही. तो आरामखुर्चीत पेपर वाचतो. आई पोळ्या लाटते. (आमच्या सौभाग्यवती पोळ्या लाटून शिवाय माझ्या आधीची, सात-बावन्नची पकडतात.) आजोबांच्या हातात काठी असते आणि शेतकऱ्याच्या डोक्याला पागोटं. त्यानं पागोटं काढलं की तो शेतकरी राहत नाही, निव्वळ माणूस होतो. आणि निव्वळ माणसाला बालवाङ्मयात जागा नाही.

निसर्गाचंही तेच. अंकलिपीत ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. डोंबिवली पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत धुंडाळा. एखादी ऐरण सापडली तर तुमचं रिक्षाभाडं माझ्याकडे लागू. प्राण्यांना स्वभावही वाटून दिलेले, जशी आमच्या बँकेत टेबलं वाटून देतात. सिंहाला शौर्य, गाढवाला मूर्खपणा, मुंगीला उद्योग आणि कोल्ह्याला लबाडी. पुढे बदली नाही, बढती नाही.

आता चित्रातला हा कोल्हा नीट पाहा. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट आणि शेपटीचं टोक पांढरं. हे गृहस्थ आपल्या बाजूचे नव्हेतच! इसापाच्या गोष्टींबरोबर विलायती चित्रांतून आलेले ते पाहुणे. आपल्याकडे त्यांचं भावकीतलं जनावर म्हणजे खोकड. त्याच्या शेपटीचं टोक काळं. कोल्हा निराळा. पिवळट करडा, कुत्र्याच्या अंगलटीचा, दिवेलागणीला कोल्हेकुई करणारा. पंचतंत्रातले करटक आणि दमनक या घराण्यातले.

आणि हा कोल्हा आपला शेजारी आहे. ठाण्याच्या खाडीतल्या खारफुटीत तो राहतो. या खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटरचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडीचं नाव रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. लोक दुर्बिणी घेऊन गुलाबी रोहित बघायला जातात. कोल्हा बिचारा रात्री निघतो, खेकडे, उंदीर, पडलेली फळं असं मिळेल ते खातो आणि पहाटेच्या आत घरी परततो. आमच्या कारकुनी आयुष्याहून हे वेगळं नाही. यात लबाडी कुठं आली?

हे ज्ञान मला झालं ते आमच्या कन्येमुळे, आणि तिला झालं ते वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांमुळे. या बाबतीत आमचा भाग भाग्यवान. आगगाडी कल्याणला १८५४ साली पोचली आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ साली निघालं. म्हणजे पुस्तकं फक्त दहा वर्षं लेट. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. तिथल्या कपाटांत ऐरणीच्या पलीकडचीही पुस्तकं भेटतात. माधुरी पुरंदऱ्यांच्या चित्रपुस्तकांतली घरं आपल्या घरांसारखी असतात. तिथली माणसं कंटाळतात, रुसतात, पसारा करतात. मारुती चितमपल्लींनी सारी नोकरी वनखात्यात काढली आणि मराठीला पक्षिकोश दिला. साहेबाच्या शेऱ्यांखेरीज मी नोकरीत काय गोळा केलं, हा प्रश्न इथं अप्रस्तुत आहे.

सालिम अलींची गोष्ट कन्येची विशेष लाडकी. दहा-बारा वर्षांच्या सालिमनं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी, "चिमणी गरीब असते," असं सांगून त्याला वाटेला लावलं नाही. खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, नाव सांगितलं. त्या एका नावापायी देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला.

आमच्या घरी मात्र नावापायी एक गुण गेला. परीक्षेत प्रश्न होता, 'कोल्हा कसा असतो?' कन्येनं लिहिलं, 'कोल्हा भित्रा असतो. तो खारफुटीत राहतो व खेकडे खातो.' बाईंनी लाल शाईनं फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'लबाड.' घरात वादळ झालं. सौ. म्हणाली, "अहो, शाळेत जाऊन भांडा!" माझी आई म्हणाली, "अगं, पोरीला पुस्तकातलंच लिहायला शिकवा." कन्या म्हणाली, "पण आजी, मी पुस्तकातलंच लिहिलंय!"

यावर आम्हां तिघांनाही उत्तर सुचेना. शेवटी तिनंच निकाल लावला. "बाबा, पुढच्या वेळी पेपरात लबाड लिहीन. पण तो लबाड नाहीये, हं!"

मी तिला शाबासकी दिली खरी, पण रात्री झोप लागेना. बँकेत असे दोन हिशोब ठेवले, एक दाखवायचा आणि एक खरा, तर नोकरी जाते. इथं आठ वर्षांची पोर दोन वह्या घालून बसली आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं! आपण सगळेच असे शिकलो, त्याला इलाज नाही. पण बहुतेकांची दुसरी वही दहावीपर्यंत हरवते आणि मग दाखवायची तीच खरी वाटू लागते.

म्हणून हल्ली दर शनिवारी वाचनालयात पुस्तक बदलायला मी स्वतः जातो. बँकेत निदान ऑडिटर येतो. या वहीची तपासणी बापालाच करावी लागते, आणि तीही जादा भत्त्याशिवाय.