टायरचं तेल, डांबर आणि माझा फसलेला मथळा

परवा पाथर्डी रोडवरून घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी घसरता घसरता वाचली. डांबर गेलंय, नुसती खडी उरलीय. गल्लीचं नाव लिहीत नाही, भिंगारकरांना ओळखायला वेळ लागणार नाही.

याच रस्त्यावर काही वर्षांपूर्वी मी बातमी केली होती, ‘डांबरात टायरचं तेल’. आधार काय? वास, आणि एका मजुराचं बोलणं. टपरीवर शाबासकी मिळाली. तिसऱ्या दिवशी ठेकेदार प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन ऑफिसात हजर. सुई किती रुतते, किती तापमानाला मऊ पडतं, सगळं नियमात. मला तो कागद धड वाचताच येईना. चार ओळींचा खुलासा छापावा लागला. त्या चार ओळी अजून टोचतात.

आमचे दाजी माहुलच्या रिफायनरीतून निवृत्त झालेत. त्यांना कागद दाखवला तर म्हणाले, "अहवाल खरा असेल रे. पण डांबर कसं वागतं तेवढंच त्यात आहे. ते कशाचं बनलंय, हे कुठंय?"

आपण ज्याला डांबर म्हणतो ते खरं तर बिटुमेन. खरं डांबर दगडी कोळशाचं. कपाटातल्या डांबरगोळ्या मूळच्या त्यातल्याच. रस्त्यावरचं बिटुमेन म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढल्यावर तळाशी राहणारा जड भाग. प्रयोगशाळेत त्याचे चार गट करतात: सॅच्युरेट्स, अ‍ॅरोमॅटिक्स, रेझिन्स आणि अस्फाल्टीन्स. हेप्टेन घातलं की अस्फाल्टीन्स काळी पूड होऊन खाली बसतात, उरलेलं नळीतून एकेक करून वेगळं करतात. अस्फाल्टीन्सनी कडकपणा येतो, तेलकट गट त्यांना धरून ठेवतात.

आता टायरचं तेल. जुनी टायरं हवेशिवाय ४००-५०० अंशांना तापवली की तेल, वायू, काजळी आणि तार निघते. हे एक प्रकारचं बनावट कच्चं तेलच. त्यातलं हलकं काढून घेतलं की उरणारा भाग काळा, जड आणि अ‍ॅरोमॅटिक्सनी भरलेला. कडक झालेल्या बिटुमेनमध्ये तो घातला की माल मऊ होतो, सुई हवी तेवढी रुतते. पण त्यात हलके अंश राहिले असतील तर उन्हाळ्यात ते उडतात, हवेनं अ‍ॅरोमॅटिक्सचे रेझिन्स आणि रेझिन्सचे अस्फाल्टीन्स होत जातात. रस्ता ठिसूळ होतो, तडे जातात, पावसाचं पाणी शिरतं, खडी सुटते. ओळखीचं वाटतंय ना? पण नुसतं जास्त तापवलेलं चांगलं डांबरही असंच मरतं, निचरा नसला तरी खडी सुटते. म्हणून माझा मथळा चुकीचाच होता. भेसळ असेल किंवा नसेल, माझ्याकडे पुरावा नव्हता.

आयएस ७३ या मानकात यावर एक चाचणी आहे: मालाचा पातळ थर १६३ अंशांना भट्टीत तापवायचा आणि मग पुन्हा मोजायचं. व्हीजी-३० ची चिकटाई ६० अंशांना चारपटीहून जास्त वाढता कामा नये. ठेकेदाराच्या कागदावर तो रकाना कोरा होता. मी पाहिलाच नव्हता.

हे आज लिहायचं कारण, डांबराला पर्याय येतायत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसरला राष्ट्रीय महामार्ग ४४ वर लिग्निन मिसळलेल्या बिटुमेनच्या पट्ट्याचं उद्घाटन झालं. शेतातला काडीकचरा कामी येणार असेल तर चांगलंच आहे, आयातही कमी होईल. पण ‘जैविक’ असं नाव घेऊन आमच्या गल्लीत काहीही काळं ओतलं जाऊ नये.

गल्लीचं काम पुन्हा निघणार असं कानावर आलंय. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, त्यात भट्टीच्या चाचणीचा अहवाल आणि टँकरमधल्या नमुन्याचे चारही गट मागितलेत. टँकर सकाळी लवकर येतो. त्या दिवशी कोणाला जाग असेल तर फोन करा, सीलबंद नमुना घेताना दोन साक्षीदार लागतील.