रकान्यात जिद्द लिहू नकोस

दहिवडी,
रविवार

प्रिय छोटी,


तुझं पत्र मिळालं, शिष्यवृत्तीच्या अर्जाची झेरॉक्सही मिळाली. अर्जात 'खेळाडूचे वैयक्तिक गुण व मेहनतीची पद्धत' असा रकाना आहे, त्यात काय भरू असं विचारतेस. वसतिगृहातल्या बाकीच्या मुलींनी जिद्द, चिकाटी, शिस्त असं भरलंय म्हणतेस. भरू देत. तू ते लिहू नयेस असं मला वाटतं. का, ते सविस्तर सांगते, कारण तुझ्या पत्रात शेवटी शेवटी एका ओळीत तू जे उरकून टाकलंयस त्याचाही याच्याशी संबंध आहे. त्यावर नंतर येते.

नोकरीभर शाळेच्या मैदानावर मुलं पळवली. आळशी मुलांनी मला कधी फार त्रास दिला नाही. आळशी मूल सरळ येऊन सांगतं, 'बाई, आज नको,' आणि कडेला झाडाखाली जाऊन बसतं. त्याचं काय चाललंय हे साऱ्या गावाला कळतं. लपवतात ती मेहनती मुलं. दुखणं लपवतात, थकवा लपवतात, रात्री झोप लागली नाही हे लपवतात, भूक लागली होती तरी जेवले नाही हेसुद्धा लपवतात. आणि आपण वर त्यांना शाबासकी देतो, की बघा किती जिद्दी आहे. म्हणून जिद्द हा शब्द मी जपून वापरते. माझ्या लेखी खेळाडूचा पहिला गुण खरं बोलणं हा आहे. घड्याळाशी, शरीराशी, सरांशी. बाकीचे गुण त्याच्या मागून येतात, आणि हा नसेल तर जितकी मेहनत जास्त तितकं नुकसान जास्त.

आपल्याच जिल्ह्यातले खाशाबा जाधव घे. कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. तोवर मातीच्या आखाड्यात घडलेला हा मल्ल, गादीवरची कुस्ती आणि तिचे गुणांचे नियम त्यांना नवे होते. सहावा क्रमांक घेऊन परत आल्यावर लोकांनी कौतुकच केलं असणार. 'पहिल्याच खेपेला सहावा' एवढ्यावर माणूस आयुष्य काढू शकतो. खाशाबांनी मात्र त्या सहाव्या क्रमांकाकडे जिथे कमी पडलो ती जागा म्हणून पाहिलं आणि पुढची चार वर्षं तिथेच घातली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एक प्राचार्य विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवतो, तेव्हा त्या विद्यार्थ्याने आजवर त्यांना आपल्याबद्दल जे जे सांगितलं ते खरं निघालेलं असतं, असं मला नेहमी वाटत आलंय. 1952 साली हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला 2024 साल उजाडलं. पॅरिसला नेमबाजीत स्वप्नील कुसाळेने ते मिळवलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा आणि तुझ्यासारखाच क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला. या दोघांच्या मध्ये बहात्तर वर्षं आहेत.

आणि तुझ्या शर्यतीचं म्हणशील, तर मोही गाव इथून काही लांब नाही. तिथल्या ललिता बाबरने मुंबई मॅरेथॉनमध्ये 2012, 2013 आणि 2014 अशी लागोपाठ तीन वर्षं भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला. हार, सत्कार, बक्षिसाची रक्कम, सगळं होतं. तरीही ती स्टीपलचेसकडे वळली. जिथे आपलं नाव झालंय ती वाट सोडून अडथळ्यांच्या शर्यतीत नव्याने शिकायला उतरणं सोपं नाही गं. माझं शरीर कुठे अधिक देऊ शकेल, या प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला दिल्याशिवाय ते होत नाही. 2014 मध्येच इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत तिला कांस्य मिळालं. 2016 ला रिओत प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. पी. टी. उषा 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत उभी राहिली, आणि ती माणदेशातली होती. त्या दिवशी मी टीव्हीसमोर उभीच होते, बसवेना.

आता तुझ्या डायरीकडे येते. सरांनी रोज लिहायला सांगितलीय ती. तू मला मागच्या महिन्याच्या पानांचे फोटो पाठवलेस, ते मी चष्मा लावून नीट वाचले. सोमवारी हलकी धाव, बुधवारी हलकी धाव, शनिवारी हलकी धाव, आणि तिन्ही दिवसांच्या वेळा बघ. त्या हलक्या धावेच्या वेळा नाहीत. तुम्ही मुली एकमेकींना मागे टाकत आलात, हे इथे बसून दिसतं. हलक्या धावेत शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, वाक्य पूर्ण करता आलं पाहिजे. आधीच्या दिवसाच्या कष्टाने जे झिजलंय ते भरून यावं म्हणून ती असते. ती शर्यतीसारखी पळालीस तर मंगळवारच्या वेगाच्या सरावाला पाय जड येतात. मग तिथे वेळ साधत नाही, मग वाटतं आपण कमी पडतोय, आणि मग बुधवारी पुन्हा जोरात. मेहनती मुली अशाच दमतात. मागे पडतेय असं दिसलं तरी चालेल इतकं मन घट्ट करून सावकाश पळणं हे फार अवघड काम आहे. बघणाऱ्याला त्यात मेहनत दिसत नाही, म्हणून कुणी शाबासकीही देत नाही.

डायरीत झोपेचा रकाना कोराच आहे. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, खेळाडूला त्यात कपात चालत नाही. पहाटे साडेपाचला मैदानावर यायचं तर रात्री नऊला दिवा बंद, मग खोलीतल्या बाकीच्या जणी काहीही करोत. अभ्यासाचं काय, असं विचारशील. अभ्यासाचं एवढंच, की स्पर्धेमुळे प्रॅक्टिकल बुडणार असेल तर मॅडमना जायच्या आधी सांग, आल्यावर नाही. जर्नल रेल्वेत लिहिता येतं. स्पर्धेच्या ठिकाणी दोन शर्यतींच्या मध्ये जो वेळ मोबाईलवर जातो त्यात एक धडा होतो. बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे सगळं मला माहीत आहे आणि तुझ्यासारख्या मुलींना त्याचा आधार हवाच. पण त्याच आधारासाठी खोटी क्रीडा प्रमाणपत्रं काढणारी माणसंही या राज्यात निघाली. जन्मतारीख मागे-पुढे करून सतराच्या गटात एकोणीस वर्षांची मुलं उतरवणारे पालक मी जिल्ह्याच्या मैदानावर पाहिलेत. मनगटाच्या एक्स-रेवरून वयाचा अंदाज घेतात तो याचसाठी. अशा मुलाचं काय होतं माहीत आहे? लहानांना हरवून पदकं गोळा करतं, आणि खुल्या गटात आल्यावर आपण खरोखर किती पाण्यात आहोत हे त्याला पहिल्यांदा कळतं. तेव्हा शिकायचं वय निघून गेलेलं असतं. मला त्या पालकांचा राग येतो, अजूनही येतो.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा म्हणून गाव आहे, तिथल्या अविनाश साबळेबद्दल तू कायम बोलतेस. त्याचे आईवडील वीटभट्टीवर राबायचे, तो सहा किलोमीटर पायी शाळेत जायचा, हे तुला पाठ आहे. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला आणि पुढे सैन्यातल्या क्रॉस कंट्रीतून या खेळात आला. मधे एकदा वजन वाढलं होतं, ते त्याने वीसेक किलोने उतरवलं. पण तुम्ही मुली त्यातलं वजन तेवढं उचलता! तो सैन्यातला जवान होता, विशी ओलांडलेला पुरुष, आणि त्याच्या अंगावर खरोखर जास्तीचं वजन होतं. तू सतरा वर्षांची आहेस, तुझी हाडं अजून भरतायत. मुलींच्या हाडांचा बहुतेक साठा अठराव्या वर्षापर्यंत होऊन जातो, नंतर फारसा वाढत नाही. साबळेकडून घ्यायचं तर 2022 ची बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली शर्यत घे. 8 मिनिटं 11.20 सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, आणि सुवर्णपदक फक्त 0.05 सेकंदाने हुकलं. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. त्यातल्या एकाच अडथळ्यावर पाय जरा जास्त वर गेला तरी तेवढा वेळ जातो. त्यामुळे तुझ्या सरांनी मागचा पाय आडवा काढायचा सराव चालत-चालत, भिंतीला धरून करायला लावला तर कंटाळू नकोस. स्टीपलचेसचा अडथळा हर्डलसारखा पडत नाही, आदळलीस तर तूच पडशील.

आता ती ओळ. 'नडगी थोडी दुखते, पण सरांना सांगितलं नाही, विभागीय स्पर्धा आहे ना.' ही ओळ मी कितीतरी वेळा वाचली.

छोटी, नीट ऐक. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर, वीतभर दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुतेक वेळा स्नायूंचं आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं असतं. विश्रांती, बूट, सरावातला बदल यांनी ते आटोक्यात येतं. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी कळ येत असेल, आधी धावण्याच्या शेवटी दुखायचं ते आता सुरुवातीपासून दुखत असेल, किंवा रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडत असण्याची शंका घ्यायची. रोजच्या धावण्याने हाड थोडं झिजतं आणि विश्रांतीत पुन्हा भरतं. झीज भरण्यापेक्षा वेगाने होऊ लागली की असं होतं. सुरुवातीला साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा काही दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' यावर विषय संपवायचा नाही. खेळाडूंचं बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, गरज असेल तर ते एमआरआय सांगतील. लवकर पकडलं तर काही आठवडे जातात. दडपून धावत राहिलीस तर अख्खा मोसम जातो, कधी त्याहून जास्त.

आणि दुसरं, जे तू लिहिलं नाहीस ते मी विचारते. पाळी वेळेवर येते का? मुलींना वाटतं सराव जोरात चाललाय म्हणून थांबली, बरंच झालं, कटकट गेली. तसं नसतं. खाल्लेलं सगळं धावण्यातच खर्च होतं आणि शरीराकडे बाकीच्या कामाला काही उरत नाही, तेव्हा ते पाळी थांबवतं. त्याचबरोबर हाडंही कच्ची राहतात. नडगीचं दुखणं आणि चुकलेली पाळी एकाच मुलीत एकाच वेळी दिसली की मी घाबरते. तिसरं रक्ताचं. आपल्या देशात तुझ्या वयाच्या दर दहा मुलींत सहा जणींना रक्तक्षय असतो, 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत तसं आलंय. तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासून घे, आणि डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर ती चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू सरबताबरोबर घे. वसतिगृहात सकाळच्या सरावानंतर नाश्त्याला उशीर होतो म्हणतेस ना? मैदानावर जातानाच पिशवीत गूळ-शेंगदाणे आणि दोन केळी ठेव, आणि सराव संपला की तिथेच खा.

अर्जाच्या रकान्यात मग काय लिहायचं, तर तू खरोखर जे करतेस ते. 'रोज डायरी लिहिते. दुखलं तर त्याच दिवशी सरांना सांगते.' दोन वाक्यं पुरेत. पण यातलं दुसरं आज तरी खरं नाही, म्हणून अर्ज दोन दिवस ठेव आणि आधी सरांकडे जा. ते रागावतील असं वाटतंय तुला. चांगला प्रशिक्षक लपवल्यावर रागावतो, सांगितल्यावर नाही. आणि रागावलेच, तर त्यांचं बोलणं ऐकून घे आणि तरीही दाखवायला जा.

विभागीय स्पर्धा यंदा हुकली तर हुकेल. दादाला वाईट वाटेल, तो गावभर सांगून बसलाय. त्याच्याशी मी बोलते, ती जबाबदारी तुझी नाही. पाळीचं वहिनीला तू सांगतेस की मी सांगू, ते कळव. डॉक्टरांची वेळ मिळाली की दिवस सांग, मी एसटीने येते. दवाखान्यात तू एकटी जायचं नाहीस. तोवर धावणं बंद, पोहायला किंवा सायकलला सरांनी परवानगी दिली तरच, आणि तेही दुखत नसेल तर.

उद्या सरांशी बोललीस की रात्री मला फोन कर. नऊच्या आत कर, नंतर तू झोपलेली असायला हवीस.

तुझी,
आत्या