आमचा लातूर पॅटर्न

गोल काढायला सांगितलं की अंडं काढणारं मशीन, वैतागलेला भाऊ आणि एसटीनं आलेला एक गुण्या... एका घरगुती सीएनसीची ही गोष्ट.

रात्रीचे साडेअकरा. पुण्यातल्या माझ्या रूमवर मी 'पावसाळ्यात त्वचेची काळजी' या विषयाशी झटापट करत होते. डेडलाइन सकाळची. (फ्रीलान्सरची डेडलाइन कायम सकाळचीच असते.) तेवढ्यात दादाचा मेसेज आला. फोटो. फोटोत एमडीएफचा तुकडा आणि त्यावर कोरलेलं एक छानसं अंडं.

"मस्त! पण अंडं कशाला?" मी विचारलं.

बराच वेळ नुसतं टायपिंग... टायपिंग... मग उत्तर आलं.

"गोल आहे तो."

आम्ही मूळचे नांदेडचे. घराच्या पुढच्या खोलीत अण्णांचं सुतारकाम. दारं, चौकटी, देवघरं. शाळेत माझ्या वहीचं पान उलटलं की त्यातून भुसा पडायचा आणि मला भयंकर लाज वाटायची. दादानं लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चाकणला एका कंपनीत सहा वर्षं काढली आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं ते संपलंच. वहिनी लातूरच्या शाळेत शिक्षिका. त्यामुळं दोघांनी लातुरात बिऱ्हाड थाटलं. भाड्याचं घर, मागं दहा बाय बाराची एक खोली. गल्लीतली सगळी पोरं 'लातूर पॅटर्न'च्या नोट्स घोकत असताना दादा त्या खोलीत लाकडावर पॅटर्न काढायच्या मागं लागला होता.

कारण साधं होतं. नांदेडच्या बाजारात मशीननं कापलेल्या एमडीएफच्या जाळ्या आल्या होत्या. गिऱ्हाईक अण्णांसमोर मोबाइल धरायचं, "असंच पाहिजे. चार दिवसांत." अण्णांना त्याच कामाला महिना लागायचा. वय एकसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. ऑर्डरी हळूहळू आटत होत्या. तयार सीएनसी राउटर घ्यायचा तर लाखांतली गोष्ट. दादा म्हणाला, "मग घरीच बनवतो."

आता ज्यांना 'राउटर' म्हटलं की वाय-फायचा डबा आठवतो (मलाही तोच आठवला होता), त्यांच्यासाठी थोडक्यात. हा राउटर म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेत लाकूड कोरणारी मोटर. ती डावी-उजवी, पुढं-मागं आणि वर-खाली अशी तीन दिशांना हलवायची. कुठं जायचं, किती खोल जायचं, कुठल्या वेगानं, हे कॉम्प्युटर सांगणार. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं आकड्यांवर चालणारं असं पहिलं मशीन जगाला दाखवलं, तेव्हा त्याचा कंट्रोल मशीनपेक्षा मोठा होता. आज तेच काम तळहाताएवढा आर्डुइनो बोर्ड करतो. त्यात घालायचं जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर तर चक्क फुकट. नॉर्वेच्या एका प्रोग्रामरनं २००९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि जगाला वाटून टाकलं.

तरी सगळं फुकट नसतंच. लोखंडी चौकोनी पाइप भंगारातून आले, वेल्डिंग एमआयडीसीत झालं. पण मोटारी, स्क्रू आणि रेल कुरिअरनं मागवावे लागले. त्यात माझ्या नव्या लॅपटॉपचे वीस हजार गेले. दादा फोनवर समजावून सांगायचा, "ही मोटर दोनशे पावलांत एक फेरा घेते. प्रत्येक पावलाचे ड्रायव्हरनं आठ तुकडे केले, म्हणजे सोळाशे. एका फेऱ्यात स्क्रू पाच मिलिमीटर सरकतो. सोळाशे भागिले पाच. एका मिलिमीटरला ३२० पावलं!"

मागून वहिनीचा आवाज, "आमच्या शाळेची फाइलसुद्धा याहून फास्ट सरकते."

या सगळ्या खटाटोपात थोडा माझाही हात होता. मास कम्युनिकेशनला असताना असाइनमेंटसाठी मी पाबळला गेले होते. पुणे जिल्ह्यातलं शिरूर तालुक्यातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, शिक्षण आणि गावाची गरज एकत्र बांधायची, ही त्यामागची कल्पना. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना काढली. जवळपास काहीही बनवता येईल अशी यंत्रं सामान्य माणसाच्या हाती द्यायची! एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅब्जपैकी एक २००२ मध्ये या पाबळला उभी राहिली. मुंबईला नाही, बंगळूरुला नाही, पाबळला! मी हे दादाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याची 'मशीन मोठ्या शहरातच असतात' ही समजूत कायमची पुसली गेली.

तर मशीन झालं. पहिलं काम वहिनीच्या नावाची पाटी. अक्षरं किंचित तिरकी आली. मला वाटलं, इटालिक फॉन्ट घेतला असेल. छानच दिसत होती. आम्ही सगळ्यांनी स्टेटसला टाकली.

आणि मग दिवाळीत दादानं ती चूक केली.

अण्णांकडं किनवटच्या सागवानाची एक फळी होती. पंधरा वर्षं जपलेली. स्वतःच्या घरच्या देवघराला दार करायचं म्हणून. गिऱ्हाइकांची देवघरं होत राहिली, आमचं राहून गेलं. भाऊबीज झाल्यावर दादा ती फळी न विचारता लातूरला घेऊन गेला. अण्णांना सरप्राइज द्यायचं होतं त्याला. वर्तुळात कमळ. काम अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. अशा वेळी मशीन आपण कुठं आहोत हेच विसरतं. लाइट आल्यावर सुरुवातीचा बिंदू पुन्हा नीट धरावा लागतो. दादानं घाईत अंदाजे धरला. कटर कमळाच्या मधोमध आरपार गेला.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दादाशी बोलणंच बंद केलं. आणि मी? मी पुण्यातून फोन करून त्यांनाच लेक्चर दिलं. "अण्णा, एका फळीसाठी एवढं? जग बदललंय आता. शिकताना चुका होणारच." पलीकडून फक्त "बरं" आलं आणि फोन बंद झाला.

ते 'बरं' मला अजून आठवतं.

अंड्याचा फोटो त्यानंतरचा. फळी वाया का गेली हे शोधताना दादाला कळलं की लाइट गेली नसती तरी कमळ वाकडंच येणार होतं. मशीनला गोल काढताच येत नव्हता. ज्या गावाचा अख्खा बाजार गंजगोलाईभोवती गोल वसलाय, त्या गावातल्या मशीनला! कापलेली चकती तिच्याच भोकात एकाच बाजूनं बसायची. पाव फेरा फिरवली की अडकायची. दादानं तीन आठवडे सेटिंग बदलून पाहिलं. चारशे मिलिमीटर सांगितलं की मशीन आडवं बरोबर चारशे जायचं, उभंही बरोबर चारशेच. आकडे सगळे खरे आणि गोल खोटा. शेवटी मेसेज आला, "मोटारी विकून टाकतो. तुझे वीस हजार देतो."

मी आईला फोन केला. आईनं अण्णांना सांगितलं असणार. कारण शनिवारी सकाळी अण्णा नांदेड-लातूर एसटीत बसले. लोहा, अहमदपूर करत दुपारी लातूरला. मीही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पोचले होते. दारात त्यांनी पिशवी खाली ठेवली. आत एक लाकडी पट्टी, एक पेन्सिल, पटाशी आणि त्यांचा जुना गुण्या. सुतार काटकोन तपासतो तो.

"काय करायलंय तुझं मशीन?" दादीशी दोन महिन्यांनी बोललेलं पहिलं वाक्य नव्हतं हे, ते मशीनकडं बघूनच बोलले. मग म्हणाले, "चौकोन काढून दाखव."

दादानं चारशे बाय चारशेचा चौकोन काढला. अण्णांनी टेप मागितलाच नाही. पट्टी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी धरली, पेन्सिलनं खूण केली. मग तीच पट्टी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धरली, दुसरी खूण केली. दोन खुणांत बोटभर अंतर होतं.

"कर्ण सारखे नाहीत. चौकट पळालीय," अण्णा म्हणाले.

खोलीत शांतता. दादा कपाळाला हात लावून बसला. चारही बाजू सारख्या असल्या म्हणजे चौरस होतोच असं नाही, समभुज चौकोनही होतो. नववीची भूमिती! वेल्डिंगच्या उष्णतेनं सांगाडा ओढला गेला होता, त्यामुळं आडवा पूल रेलशी काटकोनात बसलाच नव्हता. म्हणून चौकोन कलंडत होता, गोलाचं अंडं होत होतं. आणि वहिनीच्या पाटीवरचा माझा लाडका 'इटालिक फॉन्ट'सुद्धा त्याचीच कृपा होती.

दुपारभर बापलेक खाली बसून होते. एका बाजूचे बोल्ट सैल केले, नवी भोकं पाडली. अण्णांनी गुण्या लावला, लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं हळूच ठोके दिले. पुन्हा चौकोन, पुन्हा पट्टी. पाचव्या खेपेला दोन्ही खुणा एकावर एक पडल्या. दादानं गोल काढला. चकती भोकात फिरवली. फिरली! वहिनीनं चहा टाकला. त्यातही भुसा होता, पण कुणी बोललं नाही.

मग अण्णांनी दादाची एक जाळी हातात घेतली. "ह्ये आतले कोपरे गोल का?"

"अण्णा, कटर गोल असतो ना. तीन मिलिमीटरचा कटर असला तरी आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई राहणारच. मशीनला आतला कोपरा जमत नाही."

अण्णांनी पटाशी काढली. एका कोपऱ्यावर दोन ठोके. काटकोन! त्यांनी जाळी दादाकडं सरकवली. "मग कोपरे मी करतो."

तेव्हापासून तसंच चाललंय. दादा मोठं कोरकाम मशीनवर उरकतो, माल एसटीच्या पार्सलनं नांदेडला जातो आणि अण्णा बैठक मारून कोपरे काढतात. धंदा काही धो-धो नाही. कधी महिन्याला तीन ऑर्डरी, कधी एक. पण बाजारातल्या जाळीपेक्षा आमची जाळी वेगळी आहे हे गिऱ्हाइकाला बोट फिरवलं की कळतं.

फळीचं काय झालं? अण्णांनी फुटलेलं कमळ करवतीनं बाजूला काढलं. म्हणाले, "निम्मी राहिली की." त्या निम्म्या फळीतून देवघराचं छोटं दार झालं. गेल्या वेळी नांदेडला गेले तेव्हा ते त्याचेच कोपरे काढत होते. मी शेजारी बसले. "अण्णा, तेव्हा फोनवर मी जरा..." असं काहीतरी सुरू केलं.

"ह्यो बघ गं बाई," त्यांनी दार माझ्यासमोर धरलं. "झाला का कोपरा?"

मी बोट फिरवलं. झाला होता.

माझे वीस हजार अजून आलेले नाहीत. हा लेखही जुन्याच लॅपटॉपवर लिहितेय. पण रूमच्या दारावर माझ्या नावाची सागवानी पाटी लागलीय, आणि तिच्यावरची अक्षरं एकदम सरळ आहेत.