मुलाखतीची तालीम

सन २००४ च्या जून महिन्यांतील एका सकाळीं आम्ही इस्त्रीचा सदरा घालून एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीबाहेर बांकावर बसलों होतों. बी. एड्. चा निकाल नुकताच लागला होता, वडील त्याच वर्षीं सेवानिवृत्त झाले होते व धाकट्या बहिणीचें शिक्षण अर्धवट होतें. तेव्हां ती जागा मिळणें आम्हांस किती अगत्याचें होतें हें निराळें सांगावयास नको. "आपण शिक्षक कां होऊं इच्छितां?" हा प्रश्न हटकून येणार, असें सर्वांनीं सांगितल्यावरून त्याचें उत्तर आम्हीं दोन पानें भरून लिहिलें होतें व तें तोंडपाठ केलें होतें. प्रश्न आला. उत्तरहि झरझर निघालें. परंतु सहाव्या कीं सातव्या वाक्यास समितींतील एका वृद्ध गृहस्थांनीं मध्येंच विचारलें, "बरें, पण मुलें ऐकत नसलीं म्हणजे?" झालें! आमचा धागा तुटला, आणि आम्हीं काय करावें? तेंच उत्तर पहिल्या वाक्यापासून पुन्हा म्हणावयास सुरुवात केली. सभासद एकमेकांकडे पाहूं लागले. एकानें चहाचा कप तोंडाशीं नेला तो हंसूं लपविण्याकरितां, हें आम्हांस त्या स्थितींतहि समजलें. ती नोकरी आम्हांस मिळाली नाहीं.

पाठांतर कमी पडलें, अशी आमची तेव्हां समजूत झाली. खरें पाहतां पाठांतर भरपूर होतें. नव्हती ती तालीम. हा शब्द मूळचा अरबी, व त्याचा अर्थ शिकवणूक. मराठींत येऊन तो दोन ठिकाणीं जाऊन बसला: पहिलवानाच्या आखाड्यांत आणि नाटक मंडळीच्या बिऱ्हाडीं. दोन्ही ठिकाणीं एकट्याचें काम चालत नाहीं. पहिलवानास जोड लागतो; नटास समोर बसून पाहणारा लागतो. 'शारदे'चे कर्ते गोविंद बल्लाळ देवळ नाटककार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत, परंतु नटांस तालीम देणारे म्हणूनहि त्यांची मोठी ख्याति होती. ग्रीक वक्ता डिमॉस्थेनीस तोंडांत खडे धरून बोलावयास शिकला, ही गोष्ट तर मुलांनीं पुष्कळदां ऐकली असेल. पण प्लूटार्कनें लिहिलेल्या त्याच्या चरित्रांत खड्यांच्या अगोदर एक प्रसंग आहे, तो सहसा कोणी सांगत नाहीं. सभेंत फजिती होऊन हा तरुण डोकें झांकून घरीं चालला असतां सॅटिरस नांवाचा नट त्याच्या मागोमाग गेला. त्यानें त्यास एका नाटकांतील उतारा म्हणावयास लाविला व मग तोच उतारा स्वतः असा म्हणून दाखविला कीं, डिमॉस्थेनीसला तो निराळाच वाटला. भुयारांतील अभ्यासिका, अर्धें डोकें भादरून घरांत कोंडून घेणें, हें सर्व त्यानंतरचें. आम्हांस २००४ सालीं सॅटिरस भेटला नाहीं. भेटता तरी आम्हीं त्याचें ऐकलें असतें असें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं.

हें सर्व आठवावयास कारण २०२४ च्या मे महिन्यांत घडलें. आमच्या शाळेंतून २०१६ सालीं दहावी झालेली एक विद्यार्थिनी सुटींत आमच्या घरीं आली. जी. एन. एम. चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून तिनें एका लहान रुग्णालयांत परिचारिकेचें काम केलें होतें. पुढें वडिलांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, त्यांस आठवड्यांतून दोनदां डायलिसिसला न्यावें लागूं लागलें, म्हणून तिनें तें काम सोडलें. दीड वर्षानें वडील वारले. आई शिवणकाम करते. भाऊ आमच्याच शाळेंत नववींत. पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयाकडून मुलाखतीचें बोलावणें आलें होतें व हातांत अठरा दिवस होते. "सर, काम मला येतें," ती म्हणाली, "पण समोर कोणी बसलें कीं तोंडांतून शब्दच फुटत नाहीं."

आम्हीं शाळेचा एक वर्ग उघडविला. टेबलामागें तीन खुर्च्या मांडल्या. मध्यें आम्ही; डावीकडे शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई; उजवीकडे आमच्या पत्नी, ज्या वीस वर्षें परिचारिका असून आपल्या रुग्णालयांत नव्या मुलींच्या मुलाखतीस बसतात. उमेदवारास आंत सोडण्याचें काम आमच्या शिपाई मामांनीं आपण होऊन पत्करलें व ते दाराबाहेर स्टुलावर बसले.

पहिल्या दिवशींची हकीकत सांगावयास संकोच वाटतो. मुलाखत संपतांच आम्हीं पेन्सिल सरसावून तिचे दोष वाचून दाखविले. ते अकरा होते! 'आवाज पडका', 'आत्मविश्वास नाहीं', 'घाबरट', असे एकामागून एक. ती सर्व ऐकून "हो सर" म्हणाली व घरीं गेली. दुसऱ्या दिवशीं आली नाहीं. रात्रीं जेवतांना आमच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, तुम्हीं वही तपासलीत. घाबरट म्हटल्यावर तिनें उद्यां करावयाचें तरी काय?"

ह्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वीस वर्षांत किती वह्यांवर आम्हीं 'निष्काळजीपणा' असा एक शब्द लाल शाईनें लिहून ती परत केली असेल, हाहि विचार त्या रात्रीं मनांत आला. पण तो विषय निराळा. तिसऱ्या दिवशीं पत्नी स्वतः जाऊन मुलीला घेऊन आल्या, आणि तेव्हांपासून नियम त्यांचा चालला. प्रत्येक खेपेस दोनच गोष्टी सांगावयाच्या. त्याहि डोळ्यांना दिसल्या किंवा कानांनीं ऐकल्या तेवढ्याच. "तूं घाबरतेस" असें नव्हे, तर "बाईंचा प्रश्न संपण्यापूर्वींच तूं उत्तर सुरू केलेंस". आणि सांगून झाल्याबरोबर तोच प्रश्न तेथल्या तेथें पुन्हा विचारावयाचा, म्हणजे ऐकलेलें हातावेगळें होतें. प्रश्न समजला नाहीं तर "कृपा करून पुन्हा विचारतां का?" असें म्हणण्याची तिला लाज वाटे. त्या एका वाक्याची आम्हीं तिच्याकडून दहा वेळां तरी तालीम करविली असेल.

मोबाईलवर चित्रण करण्याची कल्पना बाईंची. तें दाखवितांना प्रथम आवाज बंद ठेविला. सबंध नऊ मिनिटें ओढणीचें टोंक बोटाभोंवतीं गुंडाळलें जात होतें व सोडलें जात होतें. आम्हीं तें दोनदां सांगितलें असतांहि तिला खरें वाटलें नव्हतें. आतां ती स्वतःच हंसली, आणि ओढणीला दुसऱ्या दिवशीं पिन लागली.

पण ह्या तालमीनें ओढणीपेक्षां मोठी गोष्ट उघडकीस आणिली. पत्नींनीं विचारलें, "रात्रपाळीला डॉक्टर फोनवरून औषध सांगतात. मात्रा तुला नेहमींच्या दसपट वाटते. काय करशील?" मुलगी चटकन् म्हणाली, "डॉक्टर सांगतील तसें करीन." वर्गांत कोणी बोलेना. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पांच नियम तिला झोपेंतहि म्हणतां आले असते. सांगितलेली मात्रा त्यांनाच पुन्हा वाचून दाखवावयाची, शंका बोलून दाखवावयाची, ती फिटेपर्यंत औषध द्यावयाचें नाहीं, वरिष्ठ सिस्टरांस कळवावयाचें व वेळेसह लिहून ठेवावयाचें, हें ती रुग्णालयांत प्रत्यक्ष करीत आलेली होती. मग असें कां बोललीस म्हणून विचारतां ती म्हणाली, "समोर मोठीं माणसें बसलीं म्हणजे त्यांना हो म्हटलेलें आवडतें, असें वाटलें, सिस्टर." तें ऐकून आम्ही वरमलों. दहा वर्षें तिला ही संवय कोणी लाविली, हें ठाऊक असलेला मनुष्य मधल्याच खुर्चीवर बसला होता.

सहाव्या दिवशीं मामा आंत डोकावून म्हणाले, "सर, बोलूं का? पोर बोलती ती तुमच्यावाणी बोलती. बाहेर बसलं कीं वाटतं सरच आंत बोलत्यात." खरेंच होतें. उत्तरें घासूनपुसून आम्हीं त्यांत 'सेवाभाव', 'ध्येय', 'रुग्णनारायण' असले आमचे आवडते शब्द घालून ठेविले होते. आमचीं २००४ चीं दोन पानें आम्ही तिच्या तोंडांत घालीत होतों!

सर्वांत मोठा वाद माजला तो एका प्रश्नावर: "कामांत तुमची कधीं चूक झाली आहे का?" आम्हीं तिला शिकविलें होतें कीं, 'मी अति परिश्रम करतें, हाच माझा दोष' असें सांगावें. पत्नी म्हणाल्या, "हें उत्तर आमच्याकडे दर मुलाखतींत एक तरी मुलगी देते." मग त्यांनीं मुलीकडे वळून विचारलें, "वॉर्डांत कधीं हात थरथरला?" तेव्हां तिनें सांगितलें. एकाच नांवाचे दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर होते. इंजेक्शन भरून ती खाटेपाशीं गेली, रुग्णाचा दंड धरला, आणि मनगटाच्या पट्टीवरील क्रमांक निराळा दिसला. ती तशीच मागें फिरली. कोणाच्याहि लक्षांत आलें नव्हतें. तरी तिनें जाऊन वरिष्ठांस सांगितलें, व त्या दिवशीं दोन्ही खाटांवर लाल पाट्या लागल्या. आम्ही घाबरलों. "ही गोष्ट तेथें काढूं नकोस," असें आम्हीं बजाविलें. पत्नी म्हणाल्या, "काढूं दे." ह्यावर आमच्या घरीं दोन दिवस खडाजंगी झाली. शेवटीं मुलगीच म्हणाली, "सर, मी तें सांगेन. तेवढी एकच गोष्ट मला पाठ करावी लागत नाहीं."

पुण्यास तो प्रश्न आलाच नाहीं. जो आला त्याची आम्हीं तालीम केली नव्हती. "दीड वर्ष घरीं बसलांत, हात विसरला नसेल का?" तिनें प्रश्न पुरा होऊं दिला, क्षणभर थांबली, व वडिलांविषयीं सांगूं लागली: डायलिसिसकरितां ज्या हातावर शस्त्रक्रिया झाली त्या हातावर रक्तदाब कोणास घेऊं द्यावयाचा नाहीं, दिवसाचें पाणी मापून द्यावयाचें, रोज सकाळचें वजन वहींत लिहावयाचें. ती वही तिच्याजवळ होती, व समितीनें ती मागून घेऊन पाहिली. एवढें होऊनहि तिचें नांव प्रतीक्षा यादींत लागलें व तेथेंच राहिलें. ज्या दिवशीं तें कळलें त्या दिवशीं तिची आई शाळेंत येऊन कांहीं न बोलतां बराच वेळ बसून होती. आम्हांसहि बोलतां येईना. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशीं विचारावयास आली, "सर, वर्ग उघडाल का?" पांच आठवड्यांनीं दुसऱ्या एका रुग्णालयांत मुलाखत झाली. तेथें चुकीचा प्रश्न आला. ऑगस्टपासून ती तेथें कामावर आहे.

कांहीं पालक आम्हांस म्हणतात कीं, आतां मुलाखती राहिल्या कोठें? केंद्र सरकारनें १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या श्रेणींच्या जागांकरितां मुलाखती बंद केल्या, हें खरें. परंतु रुग्णालयें, शाळा, कारखाने व खासगी कचेऱ्या ह्यांचीं दारें अजून मुलाखतींतूनच उघडतात. आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत लेखी १७५० गुणांनंतर मुलाखतीचे २७५ गुण आहेतच. शिवाय ज्या मुलाला घरीं आलेल्या पाहुण्यासमोर दोन वाक्यें धड बोलतां येत नाहींत, त्याला हीं कारणें सांगून काय उपयोग?

नाताळांत ती मुलगी भेटावयास आली असतां बाईंनीं गंमतीनें तिला मधल्या खुर्चीवर बसविलें व आम्हांस समोरच्या. तिनें गंभीरपणें विचारलें, "सर, आपण शिक्षक कां..." आम्हीं लगेच उत्तरास सुरुवात केली. "सर," ती म्हणाली, "प्रश्न पुरा होऊं द्या." दाराबाहेर मामा मोठ्यानें हंसले.

येत्या जूनपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर त्याच वर्गांत नववी व दहावीच्या मुलांकरितां, तसेंच माजी विद्यार्थ्यांकरितां, तीन खुर्च्या मांडण्याचें ठरलें आहे. त्यांपैकीं एका खुर्चीवर बसावयास पालक हवे आहेत. दुकानदार, परिचारिका, गवंडी, बँकेंतील कारकून, कोणीहि चालेल. ज्यांनीं आयुष्यांत कोणाला तरी कामावर ठेविलें आहे किंवा ज्यांस कोणी कामावर ठेविलें नाहीं, त्या दोघांचाहि उपयोग होईल. नांवें मामांकडे द्यावीं.