किल्ल्यांचा जुडगा

वसईच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत मी अर्धवेळ शिकवते. सिस्टरांच्या बदल्या होत असतात. पण आमच्या मुख्याध्यापिका संसारी बाई. २२ वर्षं त्याच खुर्चीत!

"टीचर, कंटाळा नाही येत?" जूनमधल्या प्रवेशाच्या गर्दीत मी विचारलंच.

"येतो की! आठव्या वर्षी राजीनामाही लिहिला होता. शाळेतली प्रत्येक किल्ली माझ्याच कमरेला. रक्तदाब वाढला, घरी मुलांवर खेकसायची."

मग त्यांनी किल्ल्या वाटल्या. भांडार एकीकडे, ग्रंथालय दुसरीकडे. चुका झाल्या, त्या होऊ दिल्या. शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मात्र चॅपेलमध्ये एकट्या बसतात.

त्यांच्या टेबलावर संत एलिझाबेथ सेटन यांची तसबीर आहे. पाच मुलांची ही विधवा आई. १८१० साली अमेरिकेत एमिट्सबर्गला त्यांनी मुलींची मोफत शाळा काढली. १८२१ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राबल्या. पण सोबतच्या धर्मभगिनींना हाताशी धरून.

घरी आले नि माझाच जुडगा आठवला. परवापासून दुधाचा हिशेब मुलाकडे दिलाय. दोनदा चुकला. मी गप्प बसले, कसंबसं!

तुमच्या कमरेला किती किल्ल्या आहेत हो?